उजव्या कानामागं

उजव्या कानामागं, केसांच्या आत,
चिंचोक्याएवढा उंचवटा आहे.
फणी तिथं येऊन अडते. रोज.
रोज मी विसरलेली असते.

तिथून नळी निघते,
मानेवरून, हासळीच्या हाडावरून,
कातडीच्या इतकी जवळ
की आंघोळीला बसले की बोटाखाली सरकते,
आणि छातीवरून पोटात जाऊन हरवते.
मान डावीकडे वळवली की ती ताणते
ओल्या सुतळीसारखी.
म्हणून कुणी डावीकडून हाक मारली
तर मी पायांसकट पूर्ण वळते.
लोक म्हणतात, भागरता आता
मोठी अदबीनं बोलायला लागली.

नागपूरच्या मेडिकलात डॉक्टरनं कागदावर
एक रेघ ओढून दाखवली होती:
डोक्यात साचलेलं पाणी इथून पोटात जाईल.
फत्तूकाका, आमच्या तलावाचा पाणकर,
खाटेशी उभा होता.
म्हणाला, "म्हंजे तुडुम बसवला म्हना ना."
सगळे हसले. मीही, टाके ओढत होते तरी.

पण काकाचा तुडुम काका हातानं उघडतो,
कुणाच्या बांधीला किती, हे त्याला पाठ.
माझा कोण उघडतं, कधी,
मला कळत नाही.
फक्त रात्री आडवी झाले की
कानामागं कधी एक गुळगुळ,
तोंड अरुंद असलेल्या मडक्यासारखी.
शेजारी धनपाल झोपलेला असतो.
उठवून काय सांगायचं?
वाहतंय म्हणून?

रोवण्याच्या दिवसांत मी वाकत नाही.
म्हणजे वाकते, दोन ओळी.
तेवढ्यात डोकं भरल्या गुंडासारखं पुढं कलतं.
झटकन उभी राहिले तर उलटं,
डोळ्यांमागून काहीतरी खाली सांडतं
आणि मागे राहिलेली पोकळी दुखते.
मग धुऱ्यावर बसून
पऱ्ह्यांच्या पेंड्या मोजून देते.
तिरवंताबाई चिखलातून ओरडते,
"मुकादम झाली वो तू!"
मजुरी मात्र अर्धीच.

डोक्यावर ओझं घ्यायचं नाही,
हे एवढंच सासूला पटलं नाही.
पाणी मी कमरेवर आणते, एक कळशी, दोन खेपा जास्त.
आईनं लुगड्याच्या काठाची वळून दिलेली चुंबळ
आता तेलाच्या बाटलीखाली असते,
कलंडू नये म्हणून.

आभाळ दाटलं की उंचवट्याभोवती आवळतं.
हे गावात पसरलं, माझ्याच चुकीनं.
आता लोक विचारायला येतात,
धान वाळू घालू का?
अर्ध्या वेळा मी चुकते.
तरी येतात.

बेंबीच्या उजवीकडे कधी टोचतं,
हसताना जास्त.
आणि साधी डोकेदुखी म्हणून आता काही उरलं नाही:
हे उन्हाचं? उपवासाचं? की त्याचं?
सकाळी उठून आधी मी
समोरच्या खांबावरची वायर बघते.
एक दिसली की चूल पेटवते.
गेल्या माघात दोन दिसल्या.
दोन्हींवर एकेक कोतवाल बसलेला,
दोघांनी एकदम शेपटी हलवली.
साकोलीच्या दवाखान्यापर्यंत
मी धनपालच्या पाठीवर ओकत गेले.
नळी बदलली. तोच कान, नवे टाके.

प्रणोती कान लावून ऐकते कधी.
"काहीच नाई येत आवाज.
तुझं पोटच वाजते, आई."

चैत्रात तलाव आटला
तेव्हा काकानं मला बोलावून तुडुम दाखवला.
दगडात एकाखाली एक भोकं, लाकडी गुल्ले,
खाली भेगाळलेला गाळ, एक मेलेला खेकडा.
काकानं खांद्यापर्यंत हात आत घातला,
मूठभर काळं बाहेर काढलं,
पानं, जाळ्याचा तुकडा, शिंपली.
"इथंच अडते थे," म्हणाला,
आणि मग माझ्याकडे बघून
एकदम गप्प झाला.

त्यानं हात लुंगीला पुसला.
मी पदर नीट करायच्या निमित्तानं
कानामागं बोट नेलं.
ऊन होतं, घाम होता.
दाबलं नाही.
नुसतं ठेवलं.